निधी खर्ची पडल्यानंतर

लेखापरीक्षणाच्या नोकरीत सर्वांत जास्त वेळ कशात जातो, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : कागदांची वाट पाहण्यात. महालेखाकार कार्यालयाचं पथक जिल्ह्याच्या गावी पोहोचतं, एक टेबल आणि तीन खुर्च्या मिळतात, चहा येतो, आणि पहिल्या दिवशी मागितलेली नस्ती तिसऱ्या दिवशीही येत नाही. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर असतात. फाइल वर गेलेली असते. ज्यांनी काम पाहिलं त्यांची बदली झालेली असते आणि नव्या माणसाला कार्यभार देताना त्या नस्तीची नोंदच झालेली नसते. कोणता कागद लवकर येतो आणि कोणता येत नाही, यावरून कुठे खोलात जायचं ते आम्ही ठरवत असू. रोकडवही लगेच येते, ती जुळवून ठेवलेली असते. साठा नोंदवही उशिरा येते, गाडीचं लॉगबुक त्याहून उशिरा. मोजमाप पुस्तिका तर पुन्हा पुन्हा मागावी लागते.

मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या कार्यालयात लेखापरीक्षक म्हणून लागले, एसएएसची खात्यांतर्गत परीक्षा देऊन पुढे अधिकारी झाले आणि निवृत्तीपर्यंतचा बहुतेक काळ फिरतीवर काढला. विदर्भ आणि मराठवाडा हे आमचं कार्यक्षेत्र. पथकात बाई म्हणून बहुधा मी एकटीच असे. विश्रामगृहात खोली मिळण्यापासून अडचणी होत्या, पण त्यात एक फायदाही होता. अधिकारी माझ्याशी जपून बोलत. दवाखान्यातल्या परिचारिका, अंगणवाडीच्या ताई, रोजगार हमीच्या कामावरच्या बाया मात्र मोकळेपणानं बोलत. वहीत जे सापडत नसे ते पुष्कळदा त्यांच्याकडून कळे.

बाहेरच्यांना आमच्या अधिकारांची फार मोठी कल्पना असते. आम्हाला कोणाला पकडता येत नाही, निलंबित करता येत नाही, वसुलीही करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 148 ते 151 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं पद आणि काम सांगितलं आहे, 1971 च्या कायद्यात त्यांची कर्तव्यं आणि अधिकार आहेत, आणि या सगळ्याचं अगदी खालचं टोक म्हणजे आमच्या हातातला अर्धसमास. पानाच्या एका अर्ध्यात आमची शंका, दुसरा अर्धा त्यांच्या उत्तरासाठी कोरा. उत्तर पटलं तर शंका मिटली. नाही पटलं तर ती निरीक्षण अहवालात परिच्छेद म्हणून जाते. त्यातले फार थोडे परिच्छेद पुढे सरकतात : मसुदा, त्यावर शासनाचं म्हणणं, मग महालेखापरीक्षकांचा अहवाल, राज्यपाल, विधिमंडळ, शेवटी लोकलेखा समिती. तिथवर पोहोचेपर्यंत अनेकदा शंका विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही निवृत्त झालेले असतात.

या कामात एक गोष्ट मला लवकर दिसली आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली. कोषागाराच्या दारापर्यंत सरकारी पैशाची आपल्या यंत्रणेला पै न् पै माहिती असते. तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली होती, निधी कोणाला वितरित झाला, कोणत्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यानं तो काढला, कोणत्या प्रमाणकानं, कोणत्या तारखेला, हे सगळं मिळतं. दार ओलांडलं की पुढचं काही दिसत नाही. तिथून पुढे पुरावा म्हणून उरतं ते उपयोगिता प्रमाणपत्र, आणि त्यावर सही असते ती ज्यानं खर्च केला त्याचीच.

एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आम्ही साठा नोंदवही तपासत होतो. क्ष-किरण यंत्र मार्च महिन्यात आलेलं, पुरवठादाराला पूर्ण रक्कम अदा झालेली, ‘यंत्र सुस्थितीत प्राप्त’ असा शेरा, उपयोगिता प्रमाणपत्रही वर गेलेलं. कागदात बोट ठेवायला जागा नव्हती. मी यंत्र पाहायला मागितलं. सफाई करणाऱ्या मावशी मला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. तिथे एक मोठा लाकडी खोका होता, पट्ट्याही न कापलेला, आणि त्यावर वॉर्डातल्या चादरी वाळत घातलेल्या. “हे असंच आलं अन् असंच हाय, बाई,” मावशी म्हणाल्या. “कुणाचा हातपाय मोडला की लोक जिल्ह्याला जातात. पैसे असले तर बाजारातल्या डॉक्टरकडं.”

कारण शोधायला बराच वेळ गेला, कारण ते एक नव्हतं. इमारतीला थ्री फेज वीजजोडणी नव्हती. ती देणं दुसऱ्या विभागाचं काम आणि त्याची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंतींना शिशाचा पत्रा लावलेली खोली लागते. ती अंदाजपत्रकात होती, बांधलेली नव्हती. तंत्रज्ञाचं पद मंजूर होतं, भरलेलं नव्हतं. खरेदी करणारे, बांधकाम करणारे, वीज देणारे, माणूस नेमणारे या चौघांनाही आपण नियमाप्रमाणे वागल्याचं कागदावर दाखवता येत होतं. हमीची मुदत यंत्र खोक्यात असतानाच संपली. कोणी एक रुपया खिशात घातल्याचा पुरावा आम्हाला मिळाला नाही. तरी त्या तालुक्यातल्या माणसाच्या दृष्टीनं ती सगळी रक्कम बुडाली होती.

भ्रष्टाचाराबद्दल बोललंच पाहिजे. पण माझ्या पाहण्यात जो पैसा वाया गेला त्यातला फार मोठा भाग असा गेला, की ज्यात चोर शोधून सापडत नाही. म्हणून ‘दोषींवर कारवाई करा’ एवढ्यावर थांबणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या खोक्याला जबाबदार कोण, हे खरेदीच्या आदेशातच लिहिलेलं हवं होतं : पहिल्या रुग्णाचा क्ष-किरण फोटो निघेपर्यंत अमुक एक अधिकारी उत्तरदायी, मग जोडणी कोणाची असो आणि पद कोणाचं असो. काम चार विभागांचं असलं की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता योजनेचा शासन निर्णय हातात आला की मी आधी हेच शोधते, यात एका माणसाचं पदनाम आहे का.

ती खरेदी मार्चमध्ये झाली हा योगायोग नव्हता. अर्थसंकल्पात तरतूद एप्रिलपासून असते, पण वितरणाचा आदेश निघायला कित्येकदा जानेवारी उजाडतो, निधी वितरणाची संगणकीय पावती, म्हणजे बीडीएस, फेब्रुवारीच्या शेवटी हाती येते, आणि 31 मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो. वर्षाच्या शेवटी घाईनं खर्च करू नये, असं वित्तीय नियम सांगतात. मार्च अखेरीला जिल्हा कोषागारात मी अनेकदा उभी राहिले आहे. तालुक्यांहून आलेले लिपिक देयकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन जिन्यात बसलेले असतात. कोणाच्या देयकावर आक्षेप निघालेला असतो आणि सहीचे साहेब गावात नसतात. एखाद्या कार्यालयाच्या वर्षभराच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्या दोन-तीन दिवसांत बसवलेला असतो.

यात त्या लिपिकांचा काय दोष? निधी परत जाणं ही आपल्याकडे नामुष्की मानली जाते. आमदार जाब विचारतात, वर्तमानपत्रात ‘कोट्यवधींचा निधी परत’ असा मथळा येतो, आणि पुढच्या वर्षी तरतूद कमी मिळते. घाईत चुकीच्या गोष्टीवर खर्च झालेल्या निधीचा मथळा येत नाही. जो अधिकारी प्रामाणिकपणे म्हणतो की हे काम या वर्षी होणार नाही, पैसे समर्पित करतो, त्याला शाबासकी मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. ती मिळायला हवी, आणि पैसे त्या कामासाठी पुढच्या वर्षी पुन्हा मिळतील याची हमीही हवी. ती नसेल तोवर मार्चची घाई कोणत्याही परिपत्रकानं थांबणार नाही.

पैसा परत जाऊ नये म्हणून वाटाही तयार झालेल्या आहेत. त्यातली एक म्हणजे स्वीय प्रपंजी लेखा. 31 मार्चला रक्कम नागरी ठेवींच्या 8443 या शीर्षाखालच्या अशा खात्यात टाकली की राज्याच्या हिशेबात ती खर्च म्हणून दिसते. प्रत्यक्षात ना विहीर खोदलेली असते, ना शिष्यवृत्ती पोहोचलेली असते. कधी रक्कम एखाद्या महामंडळाच्या बँक खात्यात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. सभागृहात मात्र सांगितलं जातं, योजनेवर इतके कोटी खर्च झाले. हे विधान हिशेबाच्या दृष्टीनं बरोबर आणि गावाच्या दृष्टीनं खोटं असतं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला राग आला होता, तो अजूनही गेलेला नाही. आमदारांना मतं देऊन पाठवणाऱ्यांच्या पैशाबद्दल त्या आमदारांनाच अर्धी माहिती मिळावी, हे मला मान्य होत नाही.

तपशिलाशिवाय आधी पैसे काढण्याची जी संक्षिप्त देयकं असतात, त्यांचंही असंच. पूर, दुष्काळ, निवडणूक अशा वेळी आधी पैसे काढावे लागतात, त्याला इलाज नाही. नियम असा की नंतर महिन्याभरात तपशीलवार देयक द्यावं. ते राहून जातं. अशाच एका न दिलेल्या तपशिलापायी एका निवृत्त अधिकाऱ्यांचे निवृत्तीचे लाभ अडकलेले मी पाहिले. पैसे त्यांनी पूरग्रस्तांनाच वाटले होते, हे गावोगावची माणसं सांगत होती. पावत्यांची पेटी कार्यालय नव्या इमारतीत हलवताना हरवली होती. वेळेवर हिशेब देण्याची शिस्त चोराला पकडण्यासाठी असते, असं आपण धरून चालतो. त्या गृहस्थांकडे पाहताना मला वाटलं, तिची खरी गरज सरळ माणसाला आहे. चोराचे कागद बहुधा पूर्ण असतात.

माझ्या कामाची रीत बदलली ती मराठवाड्यातल्या एका गावच्या रस्त्यावर.

रस्त्याचं काम पूर्ण, अंतिम देयक अदा. आम्ही संयुक्त पाहणीला गेलो होतो. सोबत शाखा अभियंता, हातात मोजमाप पुस्तिका. पुस्तिकेत चार नळमोऱ्यांची मोजमापं होती, साखळी क्रमांकासह. रस्त्याच्या कडेला माणसं जमली. नेहमी जमतात, त्यांना कोणी काही सांगत नाही आणि थोड्या वेळानं ती निघून जातात. त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, “बाई, त्या वहीत आमच्या गावाचं काय लिवलंय?”

मी त्यांना वाचून दाखवलं. असं करू नये असा नियम नव्हता आणि करावं असाही नव्हता. फक्त कोणी करत नसे. पहिली मोरी कुठे, किती व्यासाचे नळ, किती लांबी, रक्कम किती. दुसरी वाचली तशी एक आजी पुढे आल्या. म्हणाल्या, ती मोरी बाहत्तरच्या दुष्काळात झालेली आहे, खडीच्या कामावर त्या स्वतः होत्या. दगडी बांधणी होती, वरून नुसता सिमेंटचा हात फिरवला होता. तिसऱ्या मोरीवर एका शेतकऱ्यानं सांगितलं की ती जिल्हा परिषदेनं दुसऱ्या योजनेतून त्याआधीच केलेली आहे, उद्घाटनाला सभापती आले होते. म्हणजे एकच मोरी दोन यंत्रणांच्या दोन पुस्तिकांत होती. आमच्या कार्यालयात त्या दोन पुस्तिका एकमेकींना कधीच भेटल्या नसत्या, कारण एक राज्याच्या बांधकाम विभागाची आणि दुसरी जिल्हा परिषदेची. गावाला मात्र हे विभाग माहीत नव्हते, मोरी माहीत होती.

गावकऱ्यांनी एक गोष्ट अभियंत्याच्या बाजूनंही सांगितली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. ओढ्याच्या वळणावर संरक्षक भिंत बांधलेली होती, ती अंदाजपत्रकात नव्हती. पहिल्याच पावसात भराव वाहून जायला लागला तेव्हा त्या तरुण अभियंत्यानं ठेकेदाराला भरीला घालून ती बांधून घेतली होती. हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं; मंजुरीशिवाय केलेलं काम म्हणून आपल्यावरच आक्षेप येईल याची त्याला भीती होती. आमच्या अहवालात दोन मोऱ्यांचा परिच्छेद गेला आणि भिंतीचा उल्लेखही गेला. आम्ही कागद घेऊन महिनाभर बसलो असतो तरी यातलं काही कळलं नसतं.

नोंदी लोकांसमोर वाचण्याचं हेच काम राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं कितीतरी मोठ्या प्रमाणावर केलं, हे मला नंतर कळलं. 1994 च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीचे हजेरीपट आणि प्रमाणकं लोकांसमोर मोठ्यानं वाचली, आणि ज्यांच्या नावानं मजुरी निघाली होती ती माणसं उभी राहून सांगू लागली की आम्हाला हे मिळालेलं नाही. 1996 मध्ये ब्यावरला त्यांनी 40 दिवस धरणं धरलं, ते या कागदांच्या प्रती मिळाव्यात म्हणून. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा झाला, तो केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधीचा. राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 नं ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा हक्क दिला आणि आंध्र प्रदेशानं त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारून दाखवली. ज्या राज्यानं 1977 मध्येच रोजगार हमीचा कायदा केला, त्या आपल्या राज्यात हजेरीपट चावडीवर वाचण्याची रीत तेव्हाच पडली असती तर किती गोष्टी वाचल्या असत्या, असं मला राहून राहून वाटतं. त्या रस्त्यानंतर माझ्या पथकानं शक्य तिथे पाहणी गावकऱ्यांसमोर केली आणि नोंदी वाचून दाखवल्या. काही वरिष्ठांना ते आवडलं नाही. काहींनी पाठीशी उभं राहून ते करू दिलं.

अशा पाठीशी उभं राहणाऱ्या माणसांबद्दल फार कमी लिहिलं जातं. एका बांधकाम विभागात एक लेखापाल होते. प्रत्येक संशयास्पद देयकाच्या टिपणीवर ते दोनच ओळी लिहीत : तांत्रिक मान्यता जोडलेली नाही, प्रदान नियमबाह्य ठरेल. वरून ‘अदा करावे’ असा शेरा आला की अदा करत, पण आपल्या ओळी खोडत नसत. त्यांच्या वारंवार बदल्या झाल्या. मुलांची शाळा दर वेळी बदलली, हे त्यांनी एकदाच, सहज बोलता बोलता सांगितलं. आमच्या अहवालातले कितीतरी परिच्छेद त्यांच्या त्या दोन ओळींवर उभे राहिले. आम्ही बाहेरून येतो आणि जातो. आक्षेप घेणारा आत बसलेला माणूस रोज तिथेच असतो. ‘लेखाशाखेचा आक्षेप डावलून केलेली प्रदानं’ अशी यादी प्रत्येक विभागानं दर तिमाहीला प्रसिद्ध करावी, एवढा एकच नियम झाला तरी अशा माणसांना बळ येईल. ही मागणी मी नोकरीत असताना लेखी केली होती आणि आजही करते.

विधिमंडळाच्या लोकलेखा समितीसमोर विभागाचे सचिव साक्षीला येतात तेव्हा आमचे लोक मदतीला बसतात. समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे आणि माझ्या मते आपल्या व्यवस्थेतला हा सर्वांत शहाणा संकेत आहे. एका सुनावणीत त्या क्ष-किरण यंत्रासारख्याच एका यंत्राचा परिच्छेद आला होता. विभागानं लांबलचक स्पष्टीकरणात्मक ज्ञापन दिलं होतं : कोणत्या तारखेला कोणतं पत्र पाठवलं, कोणत्या कार्यालयाकडून उत्तर आलं नाही. कोरडवाहू भागातले एक सदस्य बराच वेळ शांत बसून होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ते यंत्र आज चालतं का?” उत्तर कोणाकडेच नव्हतं, ज्ञापनात नव्हतं आणि खरं सांगायचं तर आमच्या अद्ययावत टिपणातही नव्हतं. त्यानंतर प्रत्येक जुन्या परिच्छेदाची तयारी करताना मी त्या गावी फोन लावून आजची स्थिती विचारून घेत असे.

पण समितीपुढे येणारे परिच्छेद मोजकेच असतात. महालेखापरीक्षकांचे अहवाल पुष्कळदा अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी सभागृहात मांडले जातात. दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि चर्चा होतच नाही. खर्चाला मंजुरी देतानाही तीच घाई. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प 7 लाख कोटींच्या घरातला होता. 2024 मध्ये 28 जूनला अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. निकडीचा खर्च असतो हे मला समजतं. परंतु पुरवणी मागणी ही मुळात वर्ष सुरू होताना जे दिसलं नव्हतं त्यासाठी असते. अर्थसंकल्पाच्या पाठोपाठ एवढ्या रकमा येऊ लागल्या तर आमदारांनी मूळ पुस्तकं वाचायची कशासाठी?

आपण वाढीव खर्चाला किती सरावलो आहोत याचं उदाहरण विदर्भात कोणालाही माहीत आहे. गोसीखुर्द प्रकल्पाची मूळ किंमत 372 कोटी होती. भूमिपूजन 1988 मध्ये झालं. सुधारित प्रशासकीय मान्यता (सुप्रमा) मिळत मिळत आकडा 18 हजार कोटींच्या वर गेला. भाववाढ, पुनर्वसन, नवा भूसंपादन कायदा ही कारणं खरी आहेत. मात्र प्रत्येक सुप्रमाच्या वेळी मागच्या अंदाजात नेमकं काय चुकलं आणि ते कोणी तयार केलं होतं, हे शेतकऱ्याला समजेल अशा दोन पानांत कधी छापलं गेलं नाही. कालव्याच्या शेपटाकडे जमीन असलेली माणसं त्या दोन पानांची हक्कदार आहेत.

संगणक आल्यावर बरंच सुधारलं, हे मनापासून सांगते. सेवार्थ या वेतनप्रणालीमुळे पगाराच्या देयकातली बनावट नावं शोधणं सोपं झालं. बीम्स या निधी वितरणाच्या प्रणालीवर तरतूद किती, वितरण किती, खर्च किती हे दिसू लागलं. पूर्वी हे आकडे मिळवायला आम्हालाच खेटे घालावे लागत. ई-निविदेमुळे निविदेचं पाकीट हरवणं बंद झालं. शासन निर्णय संकेतस्थळावर येतात, हे आपल्या राज्याचं मोठं काम आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. पण कोषागाराच्या दारापलीकडचा अंधार संगणकामुळेही पूर्ण हटलेला नाही. शेततळ्यांच्या एका तपासणीत मी छायाचित्रं एकाशेजारी एक लावून पाहिली, तर वेगवेगळ्या लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच तळं होतं, काठावरच्या एकाच बाभळीसकट. प्रणालीला छायाचित्र हवं होतं, ते मिळालं होतं. पाहणारा माणूस नव्हता.

जलयुक्त शिवार योजनेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल 2020 मध्ये आला तेव्हा पाहणाऱ्या माणसाची हीच उणीव मला जाणवली. 9,633 कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात नोंदवलं होतं. राजकारणातल्या एका बाजूनं तो हत्यार म्हणून उचलला, दुसऱ्या बाजूनं तो उडवून लावला. ज्या गावांत बंधारे खरोखर चालले तिथे काय वेगळं झालं, देखभालीचा पैसा कोणी दिला, लोकांनी वर्गणी काढली का, याची चर्चा कुठेच झाली नाही. इतक्या मेहनतीनं जमवलेली माहिती दोन दिवसांच्या भांडणात संपली याचं मला अतिशय वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर मी दोन तालुक्यांतल्या काही तरुण मुला-मुलींना शासन निर्णय वाचायला शिकवते. आधी प्रस्तावना सोडून शेवटाकडे जायचं : लेखाशीर्ष पाहायचं. 3054 असेल तर रस्त्याची देखभाल, 5054 असेल तर रस्त्यावरचा भांडवली खर्च. गौण शीर्ष 800 दिसलं तर समजायचं की ‘इतर खर्च’ या गाठोड्यात काहीही असू शकतं, आणि जास्त प्रश्न विचारायचे. मग नियंत्रक अधिकारी कोण, आहरण अधिकारी कोण, ते वहीत उतरवायचं. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, आणि त्यात मागायचं ते नेमकं : मोजमाप पुस्तिकेची प्रत, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की काहीच मिळत नाही. माहिती देण्याची मुदत 30 दिवसांची, नंतर पहिलं अपील. कायद्याच्या कलम 4 प्रमाणे यातलं बरंचसं न मागता जाहीर व्हायला हवं, हेही त्यांना सांगते.

मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा भराभर शोधतात. त्यांच्यातल्या एका मुलीनं गेल्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या पाणीपुरवठा योजनेची मोजमापं मिळवली आणि जलवाहिनीची लांबी स्वतः टेप घेऊन मोजली. सोबत वडील होते आणि ग्रामपंचायतीचा शिपाई. फरक निघाला. तिनं तो लगेच कोणावर आरोप न करता ग्रामसभेत लेखी मांडला, सरपंचांनी ठराव करून घेतला आणि उपअभियंत्यांना फेरमोजणीसाठी बोलावलं. ते पहिल्यांदा आले नाहीत. दुसरं पत्र गेलं आहे, त्याची पोच तिच्याकडे आहे, आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो विषय पहिल्या क्रमांकावर घेतला आहे. मीही जाणार आहे.